मावळत्या सूर्यातून हवा मोजायची पद्धत: अजून गरज आहे का?

सांजवात
पृथ्वीजवळून फिरणाऱ्या उपग्रहाला दिवसाकाठी पंधराएक सूर्योदय आणि तेवढेच सूर्यास्त दिसतात. सूर्य पृथ्वीच्या कडेआड जाताना त्याचा प्रकाश हवेच्या एकेका थरातून गाळून येतो. कुठल्या उंचीवर कुठला रंग किती घटला, यावरून तिथला वायू कळतो. हेच सौर पिधान. नासाच्या सेज-२ उपकरणाने १९८४ ते २००५ ओझोन असाच मोजला. कॅनडाचा सायसॅट उपग्रह २००३ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि वीस वर्षांनंतरही काम करत होता. ही पद्धत बंद पडू देऊ नये. भारतानेही असा एक छोटा उपग्रह सोडावा, असं माझं ठाम मत आहे.

गणिती
असहमत. दिवसाला तीस नोंदींत काय होतं? नासाच्या ऑरा उपग्रहावरचं एमएलएस हे उपकरण हवेतल्या रेणूंमधूनच निघणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपतं, तेही रात्रंदिवस, रोज सुमारे ३,५०० ठिकाणी. जानेवारी २०२२ मध्ये हुंगा टोंगा ज्वालामुखीने स्थितांबरात (ओझोन असलेल्या वरच्या थरात) किती वाफ ओतली, ते त्यानेच दाखवलं.

सांजवात
ज्वालामुखीसाठी एमएलएसच हवं, मान्य. मी बोलतोय तो दशकांच्या कलाबद्दल. संवेदक वर्षागणिक थकतो. पिधानात मात्र दर वेळी हवेच्या वरचा स्वच्छ सूर्यही मोजतात आणि त्याने भागतात. झीज दोन्ही आकड्यांत सारखीच, त्यामुळे ती भागाकारात उडते. वरच्या स्थितांबरातला ओझोन दशकाला एक-दोन टक्क्यांनी सावरतोय का, हे विचारायचं तर असंच माप लागतं.

निळी_शाई
आपलं आदित्य-एल१ आहे ना? त्यातली सूट दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली.

सांजवात
आदित्य १५ लाख किमीवर आहे आणि तिथे सूर्य मावळत नाही. मुद्दाम तशीच जागा निवडली आहे. शिवाय सूट २०० ते ४०० नॅनोमीटर बघते. थर्मोस्फिअर (स्थितांबराच्याही खूप वरचा विरळ हवेचा थर) तापवणारे किरण त्याहून आखूड लांबीचे. युरोपच्या प्रोबा-२ उपग्रहावरचं लायरा उपकरण त्या पट्ट्यात सूर्य बघतं आणि त्याच्या पिधानांवरून तिथल्या हवेची घनता काढता आली आहे.

गणिती
पण फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण एरवी त्याच्या कक्षेतून सूर्य झाकलाच जात नाही! आणि मूळ अडचण वेगळीच आहे. पिधान होतं ते पहाट-संध्याकाळच्या सीमेवर. थर्मोस्फिअर सर्वांत फुगतं दुपारी, दोन-तीनच्या सुमारास. तुमच्या उपग्रहाला ती दुपार कधीच दिसणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चुंबकीय वादळाने हवा दाटली आणि नुकते सोडलेले स्टारलिंकचे ३८ उपग्रह पडले. तेव्हा पिधानाने काय सांगितलं असतं?

सांजवात
दुपारचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे तोड नाही. पण हवेच्या घर्षणावरून काढलेली घनता बहुधा अख्ख्या फेरीची सरासरी असते. उंचीनुसार ती कशी उतरते, ते पिधान दाखवतं. कार्बन डायऑक्साइडमुळे वरची हवा थंड होऊन आकसतेय, त्यामुळे घर्षण घटून अवकाशातला कचरा जास्त काळ वर राहणार आहे. ते आकसणं मोजायला मला उंचीचाच आलेख हवा, सकाळचा असला तरी चालेल.

गणिती
आकसण्यासाठी हो म्हणतो. वादळासाठी नाही.