‘दाह’, ‘शोथ’ की ‘सूज’? आणि ‘सायटोकाइन’चे काय करावे?

प्रश्न : ‘ॲक्यूट इन्फ्लमेशन’साठी कोणी ‘तीव्र सूज’ लिहितो, कोणी ‘तीव्र शोथ’, तर कोणी ‘तीव्र दाह’. यांतला नेमका शब्द कोणता? पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी प्रथिने सोडतात, त्या ‘सायटोकाइन’लाही मराठी प्रतिशब्द हवा का?

उत्तर : बाभळीचा काटा टाचेत मोडून राहिला, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल दिसते, हाताला गरम लागते, सुजते आणि ठणकते. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात इन्फ्लमेशनची हीच चार लक्षणे नोंदवली होती. त्यांतल्या एकाचेच नाव, म्हणजे ‘सूज’, सगळ्या प्रक्रियेला देणे मला पटत नाही. हृदय दुबळे झाल्यावर पायांवर पाणी साचते, तीही सूजच, पण तिथे इन्फ्लमेशन नसते. ‘शोथ’चा मूळ अर्थही सूजच आहे आणि म्हणूनच आयुर्वेदाला ‘व्रणशोथ’ असा वेगळा शब्द लागला. ‘संधिशोथ’ (आर्थ्रायटिस) रुळला आहे, तो मोडू नये. पण सुटा शब्द वापरताना मी ‘दाह’ निवडतो. पित्ताने छातीत होणाऱ्या जळजळीलाही आपण दाह म्हणतो, ही अडचण मान्य आहे. तरीही दाह भडकतो, पसरतो, ओसरतो आणि शमतो; ही क्रियापदे मराठीत तयार आहेत आणि सायटोकाइनचे काम सांगायला नेमकी तीच लागतात.

काट्याबरोबर आत गेलेल्या जंतूंची चाहूल लागताच ऊतकातल्या भक्षक पेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ ही सायटोकाइन प्रथिने सोडतात; पुढे येणारी इंटरल्यूकिनेही सायटोकाइनच. त्यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि इंटरल्यूकिन-८ च्या मागावर वाहिनीबाहेर पडून काट्यापर्यंत पोहोचतात. दाह मोठा असेल, तर इंटरल्यूकिन-१ चा निरोप मेंदूपर्यंत जाऊन ताप येतो आणि इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करू लागते. रक्ततपासणीच्या कागदावर आपण जो आकडा पाहतो तो हाच. जंतू आणि मेलेल्या पेशी साफ होत आल्या, की त्याच भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१० सोडून दाह आवरता घेतात. पेटवणे आणि विझवणे एकाच घरातून होते, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते.

‘तीव्र’ मात्र मी टाळतो. मराठी वाचक त्याचा अर्थ ‘जोरदार’ असा घेतो, तर इथे अभिप्रेत आहे ते अचानक सुरू होऊन थोड्या दिवसांत संपणे. चेहऱ्यावरची साधी पुळीही त्यात येते. ‘आशुकारी’ अचूक आहे, पण वाचक अडखळतो. ‘अल्पकालीन दाह’ आणि त्याच्या उलट ‘जुनाट दाह’ ही जोडी पुरेशी आहे.

‘सायटोकाइन’ हा शब्द १९७४ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि सहकाऱ्यांनी पेशी आणि गती या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडवला. तो तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पेशींनी पेशींना धाडलेला प्रथिनरूप निरोप’ असा खुलासा करावा.

पुरवणी प्रश्न : मग ‘दाहक सायटोकाइन’ म्हणावे का?

उत्तर : नको. ‘दाहक’ म्हणजे स्वतःच जाळणारे, जसे आम्ल. ‘दाहकारक’ आणि ‘दाहशामक’ म्हणावे, तेही प्रसंग पाहून. कारण व्यायाम करताना स्नायूंतून येणारे इंटरल्यूकिन-६ दाह शमवायला मदत करते. कोविडच्या काळात ‘सायटोकाइनचे वादळ’ (म्हणजे सायटोकाइनचा बेसुमार उद्रेक) इतके छापून आले, की अनेकांना सायटोकाइन हेच रोगाचे नाव वाटू लागले. त्या शब्दप्रयोगात रोग आहे तो वादळात, सायटोकाइनमध्ये नाही.