एअरब्रशची सुई स्वतः बनवतोय, टोकाच्या पॉलिशसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पेणला गणपतीच्या मूर्ती रंगवतो. डोळ्यांच्या कडेचं शेडिंग ०.३ मिमी नोझलच्या (तोंडाच्या) एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने करतो. नोझलमध्ये बसणाऱ्या सुईचं टोक जरा जरी वाकलं की फवारा एका बाजूला जातो, आणि ऐन सीझनमध्ये नवी सुई वेळेवर मिळत नाही. म्हणून मित्राच्या छोट्या लेथवर स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या सुया करून बघतोय.

निमुळता भाग जमलाय. अडतंय ते फिनिशिंगला. सुई फिरती ठेवून ८००, १५००, २००० नंबरचा पॉलिश पेपर लावला. बोटाला गुळगुळीत लागते, पण सोनाराच्या भिंगातून टोकाजवळ बारीक आडव्या रेषा दिसतात, बांगड्या चढवल्यासारख्या. नेमका तिथेच अ‍ॅक्रिलिक रंग सुकून बसतो आणि ब्रश थुंकायला, म्हणजे रंगाचे थेंब उडवायला लागतो. लांबीच्या दिशेने घासलं की रेषा जातात, पण टोक बोथट होतं.

शेवटचा हात कशाने द्यावा? लाकडात खाच पाडून, त्यात पॉलिशची पेस्ट भरून सुई ओढली तर चालेल का? आत्ताची ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची तार मला मऊ वाटते, दुसरी कोणती घेऊ? आणि निमुळत्या भागाचा कोन मूळ सुईशी जुळतोय हे कसं तपासता? चुकीच्या कोनाने नोझल फाटेल, ही खरी धास्ती आहे. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया फोटोसकट सांगा.