पीएचपीतला फीड रीडर: पाचव्या फीडला पान कोरंच

औशाचा गडी: सोयाबीन-तुरीच्या बातम्या एका पानावर याव्यात म्हणून पीएचपीत रीडर लिहिलाय, साइटींच्या फीड (बातम्यांच्या एक्सएमएल याद्या) वाचणारा. वडील आडतीत जायच्या आधी मोबाईलवर बघतात. एकच क्लास, आत सिंपलएक्सएमएल (पीएचपीचं एक्सएमएल वाचायचं साधन), चॅनेल टॅगमधल्या एकेका आयटमवर, म्हणजे बातमीवर, लूप. चार फीड झकास, पाचव्याला पान कोरं. एररही नाही. काल लाईट गेली, तरी इन्व्हर्टरवर दीडपर्यंत बसलो, काही उमजेना.

परभणीकर: भाऊ, ते आरएसएस नाही, ॲटम असणार, फीडची दुसरी तऱ्हा. तिथं आयटम नसतो, एंट्री असते, अन् लिंक एचरेफ ॲट्रिब्यूटमध्ये. त्याच क्लासात इफ-एल्स कोंबू नको, पुढं रडशील. एक इंटरफेस (दोघांनी पाळायचा करार), आरएसएस आणि ॲटम असे दोन क्लास, दोघांनी सारखाच 'बातमी' ऑब्जेक्ट द्यायचा. मूळ टॅग 'फीड' असला की ॲटमवाला घे. पान छापणाऱ्या कोडला फरक कळायलाच नको.

अंबाजोगाईची: आणि तारखा? आरएसएसमधली बातमीची तारीख, पबडेट, वाराच्या इंग्रजी नावानं सुरू होते. मजकूर म्हणून उलटं सॉर्ट केलंस तर बुधवारच कायम वर, 'Wed' अक्षरक्रमात शेवटी येतो ना. डेटटाइमइम्युटेबल (पीएचपीचा तारखेचा क्लास) वापर, आरएसएस-ॲटम दोन्हींच्या तारखा समजतात त्याला.

औशाचा गडी: ॲटमच निघालं ताई-दादा! बुधवारचं तर मला वाटलं होतं, बाजारच त्या दिवशी तेजीत असतोय. आता वडील म्हणायलेत, एकच बातमी दोनदा दिसायलीय. जीयूआयडीवरून (बातमीची वेगळी ओळखखूण) गाळायला बसतो.