सतरा वर्षांच्या मुलाने कोयता चालवला, तर शिक्षा वाढवून काही साधेल का?

प्रश्न : एक मामा, अक्कलकोट रोड, सोलापूर

माझा भाचा बावीस वर्षांचा असून तो एमआयडीसीतील एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करत होता. चार महिन्यांपूर्वी रात्रपाळी संपवून परतताना गल्लीच्या तोंडाशी तिघांनी त्याला अडवले. आदल्या दिवशी त्याने त्यांच्यापैकी एकाला दारासमोर मध्यरात्री हॉर्न वाजवू नकोस असे बजावले होते, एवढेच कारण. डोक्यावर आलेला कोयत्याचा वार त्याने उजव्या हातावर झेलला आणि तीन बोटांच्या शिरा तुटल्या. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले. परंतु मागावर तुटलेला धागा जोडताना बोटे जितक्या नाजूकपणे जुळावी लागतात, तितकी आता जुळत नाहीत. घरी बसून तो सुताच्या तुकड्याला गाठ मारून पाहतो आणि गाठ सुटली की आईला दिसू नये म्हणून तो तुकडा उशीखाली सरकवतो.

वार करणारा मुलगा सतरा वर्षे चार महिन्यांचा होता. त्याच्या सज्ञान साथीदाराने कमरेचे गावठी पिस्तूल काढून दाखवले, म्हणून शेजारचे कोणी पुढे आले नाही. साथीदार अजून कोठडीत आहे, मुलगा मात्र तीन आठवड्यांत घरी आला आणि आमच्याच गल्लीतून फिरतो. पिस्तूल बाळगणाऱ्यांची आणि अशा मुलांची शिक्षा वाढवावी, वयाची मर्यादा अठरावरून सोळावर आणावी, असे मला मनापासून वाटते. कायदा जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे की यात काय शक्य आहे.

उत्तर १ : फौजदारी वकील

मामा, आपल्या भाच्याविषयी वाचून फार वाईट वाटले. आपण मागत आहात त्यातील बराचसा कठोरपणा कायद्यात आधीच आलेला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. विनापरवाना बंदूक किंवा पिस्तूल बाळगल्यास पूर्वी एक ते तीन वर्षे कैद होती, ती आता दोन ते पाच वर्षे आहे. बेकायदा बनवणे किंवा विकणे यासाठी पूर्वी तीन ते सात वर्षे होती, ती किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी झाली आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हाही तेव्हापासून स्वतंत्र गुन्हा आहे.

मुलांच्या बाबतीतही, डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर संसदेने बाल न्याय अधिनियम २०१५ केला आणि तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. वयाची मर्यादा सरसकट खाली आणण्याची गरज म्हणूनच मला पटत नाही.

मात्र आपल्या प्रकरणात खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, तोच निर्घृण गुन्हा ठरतो. खुनाच्या प्रयत्नाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली दहा वर्षांपर्यंत, आणि इजा झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान शिक्षा सांगितलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सांगितले की असा गुन्हा ‘गंभीर’ धरावा, ‘निर्घृण’ नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात लिहिले गेले. त्यामुळे तोच वार मानेवर बसून माणूस दगावला असता तर मुलाला प्रौढ म्हणून उभे करण्याचा विचार झाला असता, हातावर बसला म्हणून होत नाही. संसदेने काही बदलायचे असेल तर या ठिकाणी बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक

वकीलसाहेबांनी कलमे बरोबर सांगितली. माझी नोकरी याच जिल्ह्यात झाली, म्हणून ठाण्यातले सांगतो. तीन वर्षांची पाच झाली, हे त्या पोरांना माहीतही नसते. त्यांना माहीत असते ते एवढेच की आपल्या ओळखीचा अमुक जण सुटून आला.

आणि तो का सुटतो, ते पाहा. पंच न्यायालयात फितूर होतात. जप्त केलेले पिस्तूल चालू स्थितीत होते, हा प्रयोगशाळेचा अहवाल वेळेवर येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची, शहर हद्दीत पोलीस आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ती कागदात नसली किंवा विचार न करता दिलेली दिसली, की बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. कोयत्याचे तर आणखी अवघड आहे. नऊ इंचांहून लांब पात्याचे हत्यार शस्त्र नियमांत बसते, पण शेतीच्या अवजारांना वगळलेले आहे, आणि आपल्या जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या प्रत्येक घरात कोयता आहे. रात्री एक वाजता शहरातल्या चौकात, पाठीवर शर्टाच्या आत लपवलेला, नव्याने धार लावलेला, हे सगळे पंचनाम्यात शब्दशः आले नाही, तर बाळगल्याचा गुन्हा टिकत नाही.

मामांनी एक गोष्ट विचारली नाही, ती मी विचारतो. सतरा वर्षांच्या पोराला पुढे कोणी घातले? सज्ञान माणूस पिस्तूल घेऊन मागे उभा राहतो आणि वार पोराला करायला लावतो, कारण पोरगा सुटेल हे त्याला ठाऊक असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये बालकाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्यास तीन ते दहा वर्षे, शिवाय तो गुन्हा स्वतःच केल्याप्रमाणे शिक्षा आहे. आपल्या गुन्ह्यात हे कलम लागले आहे का?

उत्तर ३ : माध्यमिक शिक्षिका, पूर्व भाग

मामा, आपले दुःख मी कमी लेखत नाही. तरीही त्या मुलाला दहा वर्षे प्रौढांच्या तुरुंगात ठेवावे, या मागणीशी मी सहमत होऊ शकत नाही. माझ्या वर्गातील एक मुलगा नववीत शाळेत येईनासा झाला. मी घरी गेले तेव्हा दाराला कुलूप होते, कारण आई विड्या जमा करायला गेली होती आणि वडील कामावर. सहा महिन्यांनी मला तो चौकातल्या फलकावर दिसला, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छुकांच्या रांगेत, हातात तलवार घेऊन. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मोराचे सुंदर चित्र होते, ते अजून माझ्याकडे आहे. त्या सहा महिन्यांत त्याच्याकडे कोणी तरी लक्ष दिले, आणि ते देणारी शाळा नव्हती.

मुलगा गल्लीत परत आला, यावर माझाही आक्षेप आहे, पण त्यासाठी नवा कायदा नको. जामिनामुळे मुलगा ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल, तर मंडळ जामीन नाकारू शकते, असे बाल न्याय अधिनियमाचे कलम १२ सांगते. मुलाच्या पार्श्वभूमीची चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात ती संगत नोंदली होती का?

मामा

सर्वांचे आभार. ताई, आपले म्हणणे मी दोनदा वाचले. मला ते पूर्ण पटलेले नाही. माझ्या भाच्याच्या वहीतही चित्रे होती. पण साहेबांनी विचारलेल्या कलमाचा उल्लेख प्रथम खबरीत नाही, हे मी आताच कागद काढून पाहिले. घटनेच्या आदल्या आठवड्यात त्या सज्ञान इसमाने मुलाला कोयता घेऊन देताना आमच्या शेजाऱ्याने पाहिले होते, आणि तो आजवर घाबरून गप्प होता. तो पुरवणी जबाब द्यायला तयार झाला आहे. सोमवारी त्याला घेऊन मी तपास अधिकाऱ्यांकडे जात आहे. वकीलसाहेब, भाच्याच्या नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करताना हाताच्या अपंगत्वाचा दाखला आधी घ्यावा लागेल, की अर्ज लगेच देता येईल?

फौजदारी वकील

अर्ज लगेच द्या, उपचाराचे कागद आणि प्रथम खबरीची प्रत जोडा. दाखला नंतर सादर करता येतो. जबाबाच्या वेळी मी ठाण्याबाहेर थांबेन.