मदत हवी आहे : युरोपीय संघाच्या संरक्षण नियोजनात उमेदवार देशांना जागा कुठे मिळते?

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासगटात मला मोल्दोव्हावर बोलायचं आहे. रोमानिया आणि युक्रेनच्या मधला हा देश युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार आहे. वाचताना एका जागी गाडी अडली आहे. युरोपीय संघाचा कारभार जवळून पाहणाऱ्यांनी कृपया मदत करावी.

मे २०२५ मध्ये संघाने 'सेफ' ही १५० अब्ज युरोंची कर्जयोजना मंजूर केली. कर्ज फक्त सदस्य देशांना, पण एकत्रित शस्त्रखरेदीत उमेदवार देशांनाही येता येतं. इथपर्यंत कळलं. पुढची अट मला खटकते. निदान ६५ टक्के किमतीचे घटक संघातले, संघाबाहेरच्या पण युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या नॉर्वेसारख्या देशांतले किंवा युक्रेनमधले हवेत. म्हणजे युक्रेनचे कारखाने घरचे धरले, आणि अल्बेनिया, मोल्दोव्हा मात्र उरलेल्या ३५ टक्क्यांत. हा फरक युद्धामुळे केला असणार, ते पटतंही.

पण ही झाली खरेदी. कोणत्या क्षमता आधी उभ्या करायच्या, हे ठरतं त्या टेबलावर कोण असतं? तो आराखडा युरोपीय संरक्षण संस्था सदस्य देशांबरोबर बनवते. सर्बियाचा (२०१३) आणि युक्रेनचा (२०१५) या संस्थेशी करार आहे, त्यामुळे त्यांना प्रकल्पांत भाग घेता येतो, मताचा अधिकार मात्र नाही. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आणि १९९९ पासून उमेदवार, तरी सायप्रसच्या वादामुळे त्याचा असा करार झालेलाच नाही.

अल्बेनिया, माँटेनेग्रो आणि उत्तर मॅसेडोनिया नाटोत आहेत, त्यांना तिथलं नियोजन मिळतं. खरी अडचण मोल्दोव्हाची. राज्यघटनेने तो तटस्थ, त्याच्यातल्या ट्रान्सनिस्ट्रिया या फुटीर प्रदेशात रशियन सैनिक, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी युक्रेनवर डागलेली तीन रशियन क्षेपणास्त्रं त्याच्याच आकाशातून गेली. शेजारचा रोमानिया संघातही आहे आणि नाटोतही. मग रोमानियाच्या हवाई संरक्षणाचा विचार करताना मोल्दोव्हाचं आकाश हिशेबात घेतलं जातं का? मे २०२४ मध्ये संघाने सुरक्षा आणि संरक्षण भागीदारी केली ती सगळ्यात आधी मोल्दोव्हाशीच. त्या कागदावर नियोजनात सहभागाचं काही ठोस आहे, की चर्चा, प्रशिक्षण आणि साहित्याची मदत एवढंच?

गटातल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं आहे की सदस्यत्व पक्कं नसलेल्यांना गोपनीय आराखडे दाखवूच नयेत. त्यांनी जॉर्जियाचा दाखला दिला : डिसेंबर २०२३ मध्ये उमेदवारी मिळाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने प्रवेशाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत बाजूला ठेवली. मुद्दा वजनदार आहे, पण मला पूर्ण पटत नाही. सगळं दाखवू नका, निदान हवाई टेहळणी आणि सायबर सुरक्षेत तरी या देशांची गरज आराखडा बनतानाच विचारा. संघाच्या करारातलं परस्पर मदतीचं कलम ४२(७) (एका सदस्यावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी मदत करायची) सदस्य झाल्यावरच लागू होणार असेल, तर सदस्यत्वाच्या पहिल्या दिवसापर्यंत तयारी कोणी आणि कधी करायची?

तर मला हवं आहे ते असं : उमेदवार देशाची गरज ऐकून संघाने स्वतःचा आराखडा बदलला, असं एखादं खरं उदाहरण कुणाला माहीत आहे का? प्रवेशाच्या वाटाघाटींत परराष्ट्र आणि संरक्षण धोरणाचं ३१ वं प्रकरण असतं, त्यात लष्करी तयारी तपासतात की फक्त परराष्ट्र धोरण जुळतंय का ते? मराठीत कुणी यावर लिहिलं असेल तर तेही सुचवा.

आगाऊ आभार.