मुलांसाठीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचं परीक्षण : तुमचे अनुभव लिहा

मलपृष्ठावर 'वयोगट 10 ते 14' छापलेलं असतं, त्यापलीकडे पालकांच्या हाती फारसं काही लागत नाही. म्हणून मुलांसाठी, घरात मिळून वाचण्यासाठी ऐतिहासिक कादंबऱ्यांची परीक्षणं लिहिणाऱ्यांना हे आवतण. तुम्ही काय तपासता? काय सांगता, काय राखून ठेवता?

इतिहासाची शिक्षिका
मी पुस्तक शेवटून उघडते. कोणती पात्रं खरी, कोणते प्रसंग रचलेले, हे लेखकाने मनोगतात सांगितलंय का ते आधी बघते. मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो, 'हे खरंच झालं होतं?' तपशिलाच्या बारीक चुका मी सोडून देते, विचारांची चूक मात्र सोडवत नाही. प्लेगची साथ युरोपात 1347 साली पोचली. त्या काळावरच्या गोष्टीत वैदू म्हणतो, 'हात धू, जंतू असतात.' रोगजंतूंचं ज्ञान पाश्चर आणि कॉख यांच्या कामातून आलं, एकोणिसाव्या शतकात! तेव्हाची माणसं दूषित हवेला, ग्रहांना, देवाच्या कोपाला दोष देत होती. असं एक वाक्य त्यांची सगळी भीती पुसून टाकतं, आणि मुलाला अनुभवायची होती ती भीतीच.

दोन मुलांचा बाबा
मोठ्याने वाचून झाल्याशिवाय मी लिहीत नाही. मुलं कुठे चुळबुळ करतात, कुठे उठून बसतात, ते समोर दिसतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून खेड्यांत पाठवलेल्या मुलांच्या गोष्टी आमच्याकडे फार आवडतात. 1 सप्टेंबर 1939 ला, ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधी, ही पाठवणी सुरू झाली. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा खोका. धाकटीने विचारलं, 'चिठ्ठी पावसात भिजली तर तिला कोण ओळखणार?' तो प्रश्न मी परीक्षणात जसाच्या तसा घातला.

ग्रंथपाल, बालविभाग
'हिंसा आहे' एवढंच लिहिणं मला पटत नाही. गुलामगिरीवरच्या गोष्टीत क्रौर्य असणारच. ते कुणाच्या नजरेतून दिसतं, किती लांबतं, नंतर त्या मुलाला जवळ घेणारं कुणी आहे का, हे लिहा. प्रकरण कितवं तेही सांगा, म्हणजे आईवडील ते आधी वाचून ठेवतील.

वय 14
परीक्षणात 'बोधप्रद' असं लिहिलं की पुस्तक उघडावंसंच वाटत नाही. शिवाय जुन्या काळातली नायिका सगळ्यांना बेधडक उलट बोलते आणि तिला काहीच भोगावं लागत नाही, हे मला खोटं वाटतं. तिला घाबरू दे. घाबरूनही ती बोलली, तर मला ती आवडते.

नातवंडांबरोबर वाचणारे आजोबा
बाईंशी थोडा मतभेद आहे. तपशीलही महत्त्वाचा. 1700 सालच्या गोष्टीत कुणी काडी ओढून मेणबत्ती लावली आणि नात तिथेच अडली. घासून पेटणारी काडी जॉन वॉकरने 1826 साली तयार केली, हे आम्ही मिळून शोधलं. तेवढ्यावरून मी पुस्तक वाईट ठरवत नाही, पण परीक्षणात नोंद करतो. मुलांना असं काही पकडायला फार आवडतं. मला जास्त खटकतो तो एकतर्फीपणा. शत्रूकडच्या एका तरी माणसाला नाव, घर, आई दिली आहे का, हे मी बघतो. नसेल तर तसं स्पष्ट लिहितो आणि त्याच काळावरचं, दुसऱ्या बाजूने लिहिलेलं पुस्तक जोडीला सुचवतो.