मागच्या बाजूच्या २४ मीटर डीपी रस्त्याबाबत सभासदांची चर्चा

सचिव (ए-२०१): सर्व सभासदांना नमस्कार. सोसायटीच्या पूर्वेकडे, ओढ्यालगत विकास आराखड्यात दाखवलेल्या २४ मीटर रुंद रस्त्याबाबत महापालिकेकडून आलेल्या पत्राची प्रत वर जोडली आहे. ओढ्यापलीकडच्या मोकळ्या जमिनीवर मोठा गृहप्रकल्प मंजुरीच्या टप्प्यात असून, त्याला आणि पुढे होणाऱ्या वसाहतींना वाट मिळावी म्हणून हा रस्ता हाती घेण्यात येणार आहे. त्यासाठी आपल्या कुंपणाच्या आतील सुमारे ६ मीटर रुंदीची पट्टी ताब्यात द्यावी, असे पत्रात म्हटले आहे. रविवारी सकाळी १० वाजता विशेष सर्वसाधारण सभा आहे. तोपर्यंत प्रत्येकाने आपले म्हणणे येथे मांडावे.

सी-३०४: माझा या प्रस्तावाला विरोध आहे. त्या पट्टीत आपल्या २२ गाड्या लागतात, बोअरवेल तिथेच आहे आणि कुंपणालगतचे कडुनिंब व बहावे आपल्याच ज्येष्ठ सभासदांनी लावून, उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी घालून वाढवलेले आहेत. सी विंगच्या शयनगृहांच्या खिडक्या त्याच बाजूला उघडतात. पलीकडच्या प्रकल्पातील घरे विकली जावीत म्हणून आपण आपली जागा आणि झोप दोन्ही का द्यावीत, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

बी-५०२: ताईंची काळजी खरी आहे, परंतु आपण सध्या एकाच अरुंद गल्लीतून ये-जा करतो, हेही विसरता येत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला रुग्णालयात नेताना रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी समोरून आलेल्या सिमेंटच्या गाडीमुळे अडकून पडली होती आणि तो वेळ मी कधीही विसरणार नाही. दुसरा रस्ता मिळत असेल तर तो मला हवा आहे, मग तो कोणासाठीही होत असो.

खजिनदार (ए-४०२): जागा द्यायचीच असेल तर तिचा टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणारा आणि विकता येणारा बांधकामाचा हक्क, सोसायटीला मिळायला हवा. दाट वस्तीबाहेरच्या भागात आरक्षित जागेच्या दुप्पट टीडीआर मिळतो, असे मी वाचले आहे. ती रक्कम रंगकाम आणि लिफ्टसाठी उपयोगी पडेल.

डी-१०१: नोकरीची तीस वर्षे मी नगररचनेच्या नकाशांमध्ये घालवली असल्यामुळे काल सचिवांकडून जुनी फाइल मागून घेतली आणि मंजूर नकाशा शांतपणे वाचला. त्यातून जे दिसले ते सर्वांना आवडणारे नाही, पण सभेआधी कळणे आवश्यक आहे. नकाशाच्या कोपऱ्यातील क्षेत्रफळाच्या तक्त्यात ‘रस्तारुंदीखालील क्षेत्र’ असा स्वतंत्र रकाना आहे आणि आपण जिला आपली म्हणतो ती पट्टी बिल्डरने बांधकाम परवानगी घेतानाच भूखंडाच्या एकूण क्षेत्रातून वजा करून दाखवलेली आहे. तिच्या मोबदल्यातील एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) त्याच वेळी वापरला गेला असून डी विंगचे वरचे मजले त्यावर उभे आहेत. म्हणजे खजिनदारांनी उल्लेख केलेला दुप्पट टीडीआर हा जागेच्या मोबदल्याचा एक मार्ग आहे हे बरोबर, परंतु आपल्या बाबतीत तो मोबदला आधीच घेतला गेला आहे. शिवाय जमिनीची मालकी दाखवणाऱ्या मालमत्ता पत्रकावर अजून सोसायटीचे नाव नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्याचा अर्ज आपण वर्षानुवर्षे पुढे ढकलत आलो आहोत, आणि मोबदला शिल्लक असता तरी तो कागदोपत्री मालकाकडे गेला असता. त्या पट्टीतील एक बहावा माझ्या हाताने लावलेला आहे, त्यामुळे हे लिहिताना मलाही वाईट वाटते.

सी-३०४: काका, फ्लॅट घेताना यातले आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. मग आता मुकाट्याने कुंपण मागे घ्यायचे, एवढेच आपल्या हातात उरले आहे का?

डी-१०१: नाही ताई, मुळीच नाही. ‘जागा देणार नाही’ हे म्हणणे टिकणार नाही, पण ‘रस्ता कसा होणार आणि कधी होणार’ हे विचारण्याचा अधिकार आपल्याला पूर्ण आहे आणि माझ्या मते सगळा जोर तिथेच लावला पाहिजे.

या रस्त्याची घाई नेमकी कशासाठी आहे हे आधी समजून घेऊ. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार आपल्यासारख्या भागात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरील भूखंडाला केवळ १.१० एफएसआय मिळतो. तोच भूखंड २४ ते ३० मीटर रुंद रस्त्यावर आला की अधिमूल्य (जादा बांधकामासाठीचे शुल्क) भरून आणि टीडीआर घेऊन २.७५ पर्यंत जाता येते. म्हणजे पलीकडे किती मजले होणार आणि किती कुटुंबे राहायला येणार, हे याच रस्त्याच्या रुंदीवर ठरणार आहे. त्या कुटुंबांनी येऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण आपणही एके काळी इथे नवे होतो. मात्र ज्या २४ मीटरच्या आधारावर ते मजले मंजूर होतील, ते २४ मीटर जमिनीवर, दोन्ही टोकांपर्यंत आणि माणसे राहायला येण्याआधी तयार असले पाहिजेत.

याचा अनुभव पुण्याला भरपूर आहे. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंदीचा आखला होता, २०१८ मध्ये भूमिपूजन झाले आणि भूसंपादनाचा खर्च झेपत नसल्यामुळे पुढे रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. दरम्यान दोन्ही बाजूंच्या इमारती उभ्या राहत गेल्या आणि अवजड वाहनांच्या रांगेत दुचाकीस्वारांना जीव मुठीत धरून जावे लागले. बाणेर-पाषाण जोडरस्ता तर जेमतेम २०० मीटर जागेपायी कित्येक वर्षे अडून राहिला. आपल्या रस्त्याचेही असेच झाले, म्हणजे प्रकल्पाच्या प्रवेशद्वारापर्यंत डांबर पडले आणि पुढचा भाग मोजणीतच राहिला, तर नव्या वसाहतीची सर्व वाहने आपल्याच गल्लीतून मुख्य रस्त्याला लागतील. तेव्हा बी विंगच्या सरांची रुग्णवाहिका आजच्यापेक्षा जास्त अडकेल. म्हणून आपली पहिली आणि सर्वांत ठाम मागणी अशी असावी की, रस्ता दोन्ही मुख्य रस्त्यांना जोडला जाईपर्यंत पलीकडच्या इमारतींना भोगवटा पत्र, म्हणजे राहायला येण्याची परवानगी, देऊ नये.

बी-५०२: ही मागणी महापालिका मान्य करेल का? रस्ता बिल्डरच करून देणार आहे असे ऐकतो.

डी-१०१: खराडी-मुंढवा भागात खासगी सहभागातून रस्ते-पूल करताना विकसकाला रोख रकमेऐवजी क्रेडिट नोट देण्याची पद्धत पुण्यात वापरली गेली आहे, ती नोट त्याला पुढे महापालिकेच्या शुल्कातून वळती करता येते. आपल्याकडेही तसेच ठरले असेल तर करारनामा झालेला असणार आणि त्यात कामाची लांबी, मुदत व टप्पे लिहिलेले असणार. माहिती अधिकारात त्याची प्रत मागू. करारात जे लिहिलेले नाही त्याची मागणी नंतर करणे फार कठीण जाते.

रस्त्याइतकीच मला ओढ्याची काळजी आहे. हा रस्ता ओढा ओलांडणार आहे आणि खर्च वाचवण्यासाठी तिथे पुलाऐवजी भराव टाकून खाली पाइप टाकण्याचा मोह होऊ शकतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठावरच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या आणि माणसे दगावली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पाइपांच्या तोंडाशी झाडांच्या फांद्या आणि प्लास्टिक अडकले की वरचे पाणी मागे फुगते, आणि आपल्या बाबतीत मागे म्हणजे सी विंगचा तळमजला आणि विजेची मीटर खोली आहे. त्यामुळे ओढ्याच्या पात्राची सध्याची रुंदी कमी न करता पूल बांधावा आणि रस्त्याची पातळी ठरवताना पावसाळी गटाराची दिशा दाखवणारा नकाशा आम्हाला द्यावा, असे ठरावात स्पष्ट लिहावे. पदपथ, सीमाभिंत पुन्हा बांधून देणे आणि बोअरवेलचे स्थलांतर या गोष्टी सहसा नाकारल्या जात नाहीत, तरी लिहून घ्याव्यात.

सी-३०४: झाडांचे काय?

डी-१०१: झाडे तोडण्यापूर्वी नोटीस प्रसिद्ध करून ती त्या झाडावरही लावावी लागते आणि हरकतींसाठी सात दिवस मिळतात. ती नोटीस दिसताच हरकत जायला हवी, म्हणून आजच प्रत्येक झाडाचे छायाचित्र आणि बुंध्याचा घेर नोंदवून ठेवावा. कुंपणाच्या अगदी कडेची काही झाडे पदपथात सामावून घेता येतील असे मला नकाशावरून वाटते. तशी आखणी सुचवणारे रेखाचित्र मी करून देतो.

सी-३०४: मग माझा विरोध मी मागे घेते, परंतु ठरावात झाडांचा मुद्दा शेवटी एका ओळीत न टाकता स्वतंत्र परिच्छेदात यावा, एवढी विनंती आहे. झाडांची नोंद मी आणि आमच्या मजल्यावरील मुले मिळून करतो.

सचिव (ए-२०१): वरील चर्चेनुसार ठरावाचा मसुदा उद्या सायंकाळपर्यंत येथे टाकतो. भूमी अभिलेख कार्यालयाची संयुक्त मोजणी झाल्याशिवाय ताबा देणार नाही, हे वाक्य त्यात पहिले असेल. तत्पूर्वी पट्टी नेमकी कुठपर्यंत येते हे आपल्यालाही माहीत असावे, म्हणून शनिवारी सकाळी ८ वाजता डी-१०१ मधील काकांसोबत फीत धरून मोजमाप घेऊ. सी विंगमागे गाड्या लावणाऱ्या सभासदांनी शुक्रवारी रात्री त्या पुढच्या बाजूला लावाव्यात.